साहेबांच्या वाट्याची कोंबडी

कोंबडीला ‘अहो’ म्हणणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आमचे साहेब. पुरुषमाणसांना मात्र ते सर्रास अरेतुरे करायचे, मग तो शिपाई असो, सरपंच असो की जीप घेऊन आलेला ड्रायव्हर. ‘अहो’ फक्त बायकांना आणि कोंबड्यांना. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "दोघी घर चालवतात आणि दोघींना कोणी विचारत नाही." मला असा राग आला होता! शिकलीसवरलेली मी, सरकारी नोकरी करणारी, आणि मला नेऊन बसवलं कोंबडीच्या पंगतीला. त्यांच्या लेखी ती पंगत मानाची होती हे कळायला मला बरेच महिने लागले.

मी तेव्हा ग्रामसेविका होते. मिरजगावात एक खोली घेऊन राहायचे आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर पायी हिंडायचे. बाळांना काय खायला घालावं, परसात भाजी कशी लावावी, अंडं मुलाच्या तोंडात का घालावं, असल्या गोष्टी मी बायकांना सांगत असे आणि बायका मान डोलावून अंडी बाजारात नेत असत. साहेब कुक्कुटपालनाचे. गावाबाहेर पत्र्याची एक लांबलचक शेड, शेजारी एक खोली, दारात एक लिंब, हे त्यांचं ऑफिस. गावानं त्यांना ‘कोंबडीसाहेब’ म्हणायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत ते स्वतःच, "मी कोंबडीसाहेब बोलतोय," असं सांगायला लागले.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते वैशाखातल्या भर दुपारी. कसलं तरी पत्रक द्यायला गेले होते. खोलीला कडी. शेडमध्ये डोकावले तर साहेब पालथ्या बादलीवर बसलेले, पूर्ण बाह्यांचा सदरा घामानं चिंब, तोंड उघडं, डोळे मिटलेले. भोवती कोंबड्याही तशाच, चोची उघड्या, पंख अंगापासून लांब धरलेले, धापा टाकताहेत. मला वाटलं यांना ऊन लागलं. मी धावत जाऊन माठातून पाणी आणलं.

"ठेवा तिकडं," ते डोळे न उघडता म्हणाले. "आधी बसा. इथं घटकाभर बसलं की कळतं या दुपारच्या अंडी का देत नाहीत. तुम्ही द्याल का?"

यावर माणसानं काय बोलावं, कपाळ! मी पत्रक बादलीशेजारी ठेवलं आणि काढता पाय घेतला. हा माणूस अर्धवट आहे, याच्या वाटेला जायचं नाही, असं ठरवूनच घरी आले. पण काम असं की रोज यांच्याशीच गाठ.

त्यांची सकाळची हजेरी हा तर गावाचा करमणुकीचा कार्यक्रम होता. प्रत्येक कोंबडीच्या पायात नंबराचं कडं असे. साहेब नंबर पुकारत, शेडवरचा गडी कोंबडी बघून "हाय" म्हणे. जी मेलेली असे तिचाही नंबर पुकारत. मग गडी गप्प, साहेब गप्प, आणि क्षणभरानं पुढचा नंबर. गावातली टारगट पोरं कुंपणाबाहेर उभी राहून मेलेल्या कोंबडीच्या वतीनं "हाय, हाय" असं ओरडत. साहेबांना त्याचं काही नसे. मी एकदा म्हटलं, "साहेब, मेलेली कशाला पुकारता? लोक हसतात."

"मेलेलीलाही हजेरीत धरा, बाई," ते म्हणाले, आणि मग मला तिथंच उभं करून त्यांनी शिकवणी घेतली. बाकीचे लोक काय करतात, तर उन्हाळा संपला की उरलेल्या कोंबड्या मोजतात, अंडी मोजतात आणि सरासरी काढतात. सरासरी छान फुगते. जगल्या त्यांनी किती घातली हे कोणीही सांगेल. पण जी चैत्रातच मान टाकून गेली तिनं न घातलेली अंडी कोणाच्या नावावर? ज्या बाईच्या परसात ती मेली तिच्या हातात तर टोपलीभर पिसंच आली ना? "कोंबडी खोटं बोलत नाही," साहेब म्हणायचे. "खोटं बोलतो तो सरासरी काढणारा." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आजही पेपरात कसली सरासरी वाचली की मला पिसं दिसतात.

आणि गंमत अशी, की या माणसानं जन्मात अंडं तोंडात घातलं नव्हतं. घराणं माळकरी. खाणावळीत कोणी अंड्याची पोळी मागवली तर हे ताट उचलून दुसरीकडे जाऊन बसत. कोणीतरी छेडलं की चव ठाऊक नसताना अंड्यांवर एवढं बोलता कसे, तर म्हणाले, "सोनार कधी नथ घालतो का रे?" एसटीत मात्र कोंबड्यांची पाटी मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसत आणि ऊन त्या बाजूला वळलं की शेजारच्या प्रवाशाला उठवून जागा बदलून घेत. एका कंडक्टरनं वैतागून विचारलं, "साहेब, तुमचं तिकीट काढू का कोंबडीचं?" हे शांतपणे म्हणाले, "कोंबडीचं काढ. मी सोबत आलोय." अख्खी एसटी हसत होती, आणि हे पदरानं घालावा तसा टॉवेलनं कोंबड्यांना वारा घालत होते.

त्यांचं खरं प्रेम पांढऱ्या कोंबडीवर. लेगहॉर्न. तिला ते ‘बाईसाहेब’ म्हणत. शिडशिडीत अंग, लालभडक तुरा, आणि अंडी अशी की पावसाळा-हिवाळ्यात जवळजवळ रोज एक. दुसरी तांबडी, ऱ्होड आयलंड, ती अंगानं भारदस्त, स्वभावानं शांत, म्हणून ‘मावशी’. आणि आपली गावरान? "अहो भटकभवानी!" असं तिला हाकारायचे. तिचं अंडं लिंबाएवढं, त्यातही चार घातली न घातली की खुडूक होऊन बसायची, घर सोडून उकिरडे फुंकत हिंडायची. साहेबांना तिच्याविषयी फारसा आदर नव्हता, तोंडी ‘अहो’ असलं तरी. बाईसाहेब या कोरड्या मुलखातल्या बायकांचं नशीब पालटतील अशी त्यांची मनापासून खात्री होती. आणि तशी ती वरच्या ऑफिसचीही होती.

वरून योजना आली होती ती अशी. कर्जत-पाथर्डीकडच्या सगळ्या कोरड्या गावांत पांढऱ्या कोंबड्या वाटायच्या. पण ज्या गावाला त्या मिळतील तिथून गावरान जात काढून टाकायची, कोंबडे तर आधी, म्हणजे पुढची पिल्लं भेसळीची होणार नाहीत. साहेबांनीच हट्ट धरला की वाटपाआधी एक उन्हाळा तुलना करून बघू, आणि तीही शेडमध्ये गोणपाटं भिजवून नव्हे, तर बायकांच्या परसात. उन्हाळ्यात कोण किती जगते आणि कोण किती घालते, ते दिसू दे. वरच्या साहेबांनी मान्य केलं. अहवाल चांगला आला की कोपरगावला मोठं अंडी उबवणी केंद्र निघणार होतं आणि त्याचे प्रमुख आमचे कोंबडीसाहेब.

कोपरगाव हे त्यांचं घर. गोदावरीकाठ, कालव्याचं पाणी, नजर जाईल तिथवर ऊस. बायको तिथं शाळेत शिकवायची, मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. सुट्टीला गेलं की मुलगी बापाला पाहुणा समजून दाराआड लपायची. हे सांगताना साहेब हसायचे, पण ते हसणं काही खरं नव्हतं. हा माणूस घरासाठी झुरतोय हे मला, परक्या बाईला, स्वच्छ दिसायचं.

तुलनेसाठी मिरजगावपासून आत असलेली एक वस्ती निवडली. शेती होती, पण पावसाच्या भरवशावर, आणि पाऊस आपल्या मर्जीवर. एका कार्तिकात आम्ही दोघांनी घरोघर एक पांढरी आणि एक तांबडी कोंबडी दिली. घरची गावरान प्रत्येकीकडे होतीच, तिच्याही पायात साहेबांनी कडं घातलं. सगळ्यांना मानमोडीची लस टोचली, गावरानलाही, कारण तुलना म्हणजे तुलना. देताना साहेबांनी सांगितलं की या कोंबड्या सरकारच्या, सांभाळायचं तुम्ही, अंडी तुमची, आणि उन्हाळा सरला की आम्ही येऊन बघू. बायकांनी माना डोलावल्या. त्यांच्यात पुढं होऊन कोंबडी कडेवर घेतली ती ठकूबाईनं. अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ, पाठीला तान्हं मूल. तिनं साहेबांना एवढंच विचारलं, "निम्मं-निम्मं ना सायेब?" साहेबांना वाटलं ती अंड्यांबद्दल बोलतेय. म्हणाले, "अंडी सगळी तुमचीच हो." ती हसली आणि घरात गेली.

आता अंड्यांची मोजदाद कशी करायची? आमच्याकडे बायका आकडा तोंडानं सांगत नाहीत. कोंबड्या किती, अंडी किती, पिल्लं किती, काहीही विचारा, उत्तर एकच, "हायेत चार-दोन." आकडा उच्चारला की दृष्ट लागते. साहेबांनी मग प्रत्येकीला तीन गाडगी दिली, पांढरीला एक, तांबडीला एक, गावरानला एक. अंडं घातलं की गाडग्यात खडा टाकायचा, बोलायचं काहीच नाही. ही युक्ती बायकांना इतकी पटली की लग्नाच्या पंगतीला किती माणसं जेवली तेसुद्धा ठकूबाईनं एकदा खडे टाकून मोजलं.

त्या वर्षी पाऊस आलाच नव्हता. बहात्तरचा दुष्काळ म्हणजे काय ते सांगत बसत नाही, ज्यांनी भोगलाय त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना खरं वाटणार नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले, गुरं विकली गेली, आणि वस्तीच्या वस्ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. मी कामावर सुकडी, म्हणजे सरकारकडून येणारा कोरडा पौष्टिक खाऊ, वाटायचे. पाणी टँकरनं यायचं आणि घरटी हंडाभर मिळायचं. शेडमधल्या कोंबड्या तर अशा मरायला लागल्या की हजेरीत गड्याच्या "हाय"पेक्षा शांतताच जास्त. पोरांनीही ओरडणं बंद केलं. साहेब मात्र पुकारत राहिले.

त्या उन्हाळ्यातली एक गोष्ट तेवढी सांगते. वस्तीतली एक बाई भर उन्हात मिरजगावला चालत आली आणि साहेबांच्या दारात उभी राहून रडायला लागली. पदरात तांबड्या कोंबडीचे दोन पंख आणि पायातलं कडं. कोंबडी मेली म्हणून सांगायला आली होती. साहेब खूष! त्यांनी पंख उलटेपालटे करून बघितले, पिसांत उवा आहेत का ते पाहिलं, आणि तिला शाबासकी दिली की नमुना आणलात हे फार छान केलंत, बाकीच्याही आणतील तर किती बरं होईल. ती बाई त्यांच्याकडे अशी बघत राहिली की जणू या माणसाचं डोकं फिरलंय. मग डोळे पुसून निघून गेली. आम्हा दोघांनाही त्यात वावगं काही दिसलं नाही.

उन्हाळा ओसरत आला तसे आम्ही वस्तीवर गेलो. संध्याकाळी बायका कामावरून परतल्या होत्या. साहेब घरोघर गेले, गाडगी पालथी केली, कोंबड्या बघितल्या. आणि काय सांगू! मिरजगावच्या शेडमध्ये पटापटा मेलेल्या बाईसाहेब इथं जवळजवळ सगळ्या जिवंत. पांढऱ्यांची गाडगी भरलेली. तांबड्याही बऱ्याचशा होत्या. आणि गावरान? कुठंच नव्हती. एखाद्या घरी एखादी दिसली तर दिसली. साहेबांनी सगळीकडे एकच प्रश्न विचारला, "राहिल्या किती?" आणि बायकांनी बोटं दाखवली. परतीच्या वाटेवर साहेब लहान मुलासारखे बोलत होते. कोपरगावला गेल्यावर मुलीला पहिल्यांदा गोदावरीवर नेणार, हेही त्यात आलं. मलाही आनंद झाला. तिघींची तुलना होती, एक जिंकली, बरं झालं.

वरच्या साहेबांना त्यांनी तोंडी कळवलं तेव्हा तिकडूनही पाठ थोपटली गेली. लेखी अहवाल तेवढा राहिला होता. पण साहेबांच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. शेडमधल्या का मेल्या आणि वस्तीवरच्या का जगल्या? तिथला पत्रा तर जास्त तापतो. म्हणून अहवालाआधी एकदा भर दुपारी जाऊन बघतो म्हणाले, आणि मी सुकडी घेऊन कामावर निघाले होते तर माझ्याबरोबरच आले.

खडीच्या ढिगापाशी बायका बसल्या होत्या, डोक्यावर पदर, हातात हातोडी. एका बाभळीला ठकूबाईची झोळी बांधलेली, झोळीत मूल. आणि झोळीच्या खाली, सावलीच्या नेमक्या मध्यावर, बांबूचं एक डालगं पालथं घातलेलं, त्यावर ओलं फडकं. साहेबांनी वाकून फडकं उचललं. आत बाईसाहेब आणि मावशी शेजारी शेजारी बसलेल्या, पुढ्यात वाटीत पाणी आणि थोडी सुकडी. मी मान वर केली तर प्रत्येक बाभळीखाली, प्रत्येक बैलगाडीखाली एकेक डालगं.

"अहो ठकूबाई, या इथं कशा?"

"मंग घरी कुनाच्या जिवावर सोडू? पत्रा लई तापतोय."

"रोज आणता?"

"समद्याच आनत्यात."

साहेबांनी वाटीकडे बोट दाखवलं. "हे पाणी कुठलं?"

"टँकरचं. आमच्या हंड्यातलंच हाय, दुसरं कुठून आनू?"

साहेबांनी फडकं पुन्हा डालग्यावर नीट पसरलं. मग विचारलं, "आणि तुमची गावरान कशानं मेली?"

ठकूबाईनं हातोडी खाली ठेवली. "मेली कुठं, सायेब? शिमग्यालाच इकली. ती कशी मरतीय! झाडावर बसायची, किडामुंगी खायची, तिला काय धाड भरलीय. तांदूळ आनाया पैसं नव्हतं म्हून बाजारात नेली. समद्यांनीच इकल्या."

"चांगली कोंबडी विकलीत आणि ही उन्हात मरणारी, हिला तुमचं प्यायचं पाणी पाजलंत? का?"

मग सावकाश, अडाण्याला सांगावं तसं तिनं सांगितलं, "ही तुमची हाय ना. अर्धलीची. आपलं जित्राब इकलं तर इकलं, मेलं तर मेलं. लोकाचं मेलं तर त्येला तोंड कसं दावायचं?"

अर्धली म्हणजे काय ते त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एकाची शेळी किंवा कोंबडी दुसऱ्यानं सांभाळायची आणि होईल ती पिलावळ निम्मी-निम्मी वाटायची. ज्याची वस्तू त्याची परवानगी असल्याशिवाय ती मोडायची नाही, म्हणजे विकायची नाही की कापायची नाही. आणि मेलीच, तर तिची खूण घेऊन मालकाच्या दारात जायचं, म्हणजे चोरून खाल्ली असं कोणी म्हणणार नाही. हे सगळं मला ठाऊक होतं हो. पण सरकारशीही बायका अर्धली करतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. साहेब तर कालव्याच्या मुलखातले, त्यांना हा रिवाज ऐकूनही ठाऊक नव्हता. परत येताना मी त्यांना तो नीट समजावून सांगितला. ते मध्येच थांबले. म्हणाले, "ती बाई पंख घेऊन आली होती. मी तिला शाबासकी दिली, बाई. नमुना आणला म्हणून."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, मेलेल्या मोजत बसलो आणि विकलेल्या मोजायच्या राहिल्या. मी, खरं सांगते, त्यांना वळवायचा प्रयत्न केला. म्हटलं, "साहेब, पांढरी जगली, अंडीही तिनंच घातली, यात खोटं काय आहे? तेवढंच लिहा. कोपरगाव हातचं जाईल."

"पुढच्या उन्हाळ्यात या कोंबड्या बायकांच्या स्वतःच्या होतील," ते म्हणाले. "स्वतःच्या कोंबडीला कोण डालग्यात घालून नेणार? कोण आपलं पाणी पाजणार? पटापटा मरतील. आणि तोवर गावरान आपण गावातून काढून टाकलेली असेल. मग या बायकांनी शिमग्याला विकायचं काय?"

मी चहा टाकला. त्यांनी बशीत ओतून थंड केला आणि न पिताच उठून गेले.

अहवालात त्यांनी सगळं लिहिलं. पांढरी जगली नाही, जगवली गेली. तांबडीचंही तेच. गावरान उन्हानं मेली नाही, गरजेपोटी विकली गेली. सबब ही तुलना रद्द समजावी आणि या भागातून गावरान जात काढू नये. वरचे साहेब जीप घेऊन आले आणि दार लावून तासभर बोलले. भिंत पत्र्याची, त्यामुळे अर्धं गाव ऐकत होतं. ते सांगत होते की कारणं कोणी मागितली नाहीत, आकडे मागितलेत. आमचे साहेब पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते की आकडे बायकांच्या हंड्यातले आहेत, ते मी कोंबडीच्या नावावर लिहिणार नाही.

व्हायचं तेच झालं. योजना पाण्याच्या गावांकडे वळली. आमचा कोरडा भाग तिच्यातून गळाला, गावरान काढायचा हुकूमही त्याबरोबर गेला. कोपरगावचं केंद्र दुसऱ्याच कोणाला मिळालं. आमच्या साहेबांची बदली झाली ती पार लांब, आमच्याहूनही कडक उन्हाळ्याच्या जिल्ह्यात. "आता खरी तुलना होईल," असं म्हणून ते हसले. मला त्यांचा इतका संताप आला होता की मी निरोपसमारंभालाही जाणार नव्हते. बायकोमुलीचा तरी विचार करावा की नाही माणसानं!

पण जाण्याआधी त्यांनी एक काम केलं. उन्हाळ्यानंतर पाऊस बरा झाला, गवत वर आलं. साहेब सरळ एसटीनं तिसगावच्या बाजारात गेले आणि स्वतःच्या पगारातून गावरान कोंबड्या घेऊन आले, घरटी एक, शिवाय एक तांबूस कोंबडा. पाट्या उन्हात टपावर ठेवायला साहेब तयार नव्हते म्हणून कंडक्टरशी पुन्हा भांडण झालंच. वस्तीवर त्यांनी बायकांना गोळा केलं आणि चारचौघांसमोर, रिवाजाप्रमाणे, एकेकीच्या हातात कोंबडी दिली.

"अर्धलीनं देतोय. निम्मी पिलावळ तुमची, निम्मी माझी. माझा वाटा मी येऊन नेईन. तोवर माझ्या वाट्याची मोडायची नाही."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ठकूबाई म्हणाली, "सायेब, तुमी तर अंडं बी खात न्हाई. वाटा नेऊन करनार काय?"

"ते माझं मी बघेन."

"आन् मेली तर?"

"पंख ठेवून द्या," साहेब म्हणाले. "आल्यावर बघेन."

ते काही आले नाहीत. पुढे बऱ्याच वर्षांनी माझी बदली कोपरगावकडे झाली तेव्हा मी मुद्दाम त्यांचं घर शोधत गेले. बायको भेटली, केस पांढरे झालेले. साहेब नोकरीत असतानाच गेले होते, एका उन्हाळ्यात, तिकडेच. मुलगी सासरी. भिंतीवर त्यांचा फोटो होता आणि फोटोतही सदरा पूर्ण बाह्यांचाच. मी तिथं बसून फार रडले. त्या बाईंनी मला पाणी दिलं आणि एकच विचारलं, "तिकडे ते कोंबड्यांना खरंच ‘अहो’ म्हणायचे का हो?" मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी हसलो.

निवृत्त झाल्यावर एका लग्नाच्या निमित्तानं मी पुन्हा त्या वस्तीवर गेले. ठकूबाई म्हातारी झाली होती, पण तोंड तेवढंच फटकळ. मला हाताला धरून घरी नेलं. अंगणात कोंबड्या अशा की पाय ठेवायला जागा नाही. तांबूस, करड्या, काळ्या, सगळ्या गावरान. ताई आल्या म्हणून कोंबडी कापायचं ठरलं आणि तिची सून एका ठिपक्यांच्या कोंबडीमागं धावली.

"ती न्हाई," ठकूबाई ओट्यावरून म्हणाली. "ती सायेबांची."

सूनबाईनं दुसरी धरली. तीही साहेबांची निघाली. सून वैतागली. माझ्याकडे बघून म्हणाली, "लगीन होऊन आले तवापासनं ऐकतीय, ही सायेबांची, ती सायेबांची. दुष्काळ पडला, घरात दाना न्हवता, तरी सायेबांच्या वाट्याची इकू दिली न्हाई. ताई, तुमी त्येंच्या बरूबर हुता ना? ह्ये सायेब येनार हायेत का न्हाई येकदाचे?"

आता हिला काय सांगायचं? तेवढ्यात ठकूबाईनं सुनेला चहा टाकायला आत पिटाळलं आणि माझ्याकडे सरकून बसली.

"माला ठावं हाय, ताई," ती हळूच म्हणाली. "कोपरगावाकडं ऊस तोडाया गेल्तो, तवाच कळलं. लई वर्सं झाली."

"मग तरी…?"

"तिला सांगू नका. सायेब गेलं म्हनलं की कोंबड्या तिच्या झाल्या. आन् आपल्या म्हनल्यावं पयल्या तंगीला जात्यात. मी बी तेच केलं हुतं."

सून चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देऊन ती समोरच उभी राहिली, उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही अशी. ठकूबाई बशीत चहा ओतत होती, तिनं मान वर केली नाही.

"येतील की," मी म्हटलं. "त्यांचा काही नेम नाही. आले की आधी हजेरी घेतील. मेलेलीलाही धरतात ते, तेव्हा पंख ठेवत जा."

"ठिवल्यात," सून त्रासून म्हणाली. "गाडगं भरलंय पंखांनी."

त्या दुपारी आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली.